आधी जमीन, मग आभाळ: मराठवाड्यातल्या नव्या विद्यार्थी पायलटसाठी एअरस्पेसचे नियम

एअर रेग्युलेशनच्या नोट्स तोंडपाठ असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारून बघा: लातूरच्या धावपट्टीवर विमान उभं आहे, क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब) बरोबर लावलाय, तर अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) किती दाखवेल? बरेच जण पटकन ‘शून्य’ म्हणतात. खरं उत्तर दोन हजार फुटांच्या थोडं वर. म्हणजे पुस्तकात ‘तीन हजार फूट’ असं वाचलं की लातूरवर त्याचा अर्थ जमिनीपासून जेमतेम नऊशे फूट होतो.

एअरस्पेसचे नियम अवघड वाटतात ते बहुतेक यामुळेच. पुस्तकातले आकडे समुद्रापासून मोजलेले असतात आणि आपली जमीन समुद्रापासून कुठे बाराशे, तर कुठे एकवीसशे फूट उंचीवर आहे. म्हणून माझं सांगणं असं, की एअरस्पेसच्या वर्ग ए ते जीचा तक्ता पाठ करण्याआधी आपल्या जिल्ह्याची उंची पाठ करा. या लेखातल्या पायऱ्यांचा क्रमही तसाच ठेवलाय.

कागदपत्रं आणि कायदा, थोडक्यात

स्टुडंट पायलट लायसन्ससाठी वय १६ पूर्ण, दहावी पास आणि क्लास टू मेडिकल लागतं. परीक्षा तुमच्या फ्लाइंग स्कूलमध्येच होते. तिच्यात रेग्युलेशन, नेव्हिगेशन, हवामान आणि विमानाची तांत्रिक माहिती हे विषय असतात. कमर्शियल लायसन्सला वय १८, क्लास वन मेडिकल आणि २०० तास उड्डाण लागतं, आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) प्रत्येक पेपरात ७० टक्के मिळवावे लागतात. मराठवाड्यातली मुलं शिकायला बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदिया किंवा शेजारच्या कलबुर्गीला जातात. जिथे जाल तिथल्या आभाळाचे नियम तुम्हाला इन्स्ट्रक्टर शिकवेलच. पण घरी बसून सराव करायचा असेल तर आपला ओळखीचा मुलूखच घ्यावा.

एक सावधगिरी. मोठ्या भावाची किंवा सीनियरची जुनी गाइड वापरत असाल तर पहिलं प्रकरण बाजूला ठेवा. त्यात १९३४चा एअरक्राफ्ट ॲक्ट असेल. त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला असून १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. रेडिओची आरटीआर परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, तीही या कायद्याने डीजीसीएकडे आली.

पहिली पायरी: एआयपी उघडा

खासगी नोट्स परीक्षेपुरत्या ठीक, पण मूळ दस्तऐवज एकच आणि तो फुकट आहे. एअरपोर्ट्स ॲथॉरिटी ऑफ इंडियाची एआयपी, म्हणजे हवाई माहितीचं अधिकृत पुस्तक. ऑनलाइन मिळते, आणि तिच्यातले नियोजित बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने येतात. हजारो पानं बघून घाबरू नका. विद्यार्थ्याला सुरुवातीला पाच-सहा जागाच लागतात: ईएनआर (हवाई मार्गांचा भाग) १.२ मध्ये व्हीएफआरचे (बाहेर बघून उडण्याचे) नियम, १.४ मध्ये एअरस्पेसचे वर्ग, १.७ मध्ये अल्टिमीटर कसा लावायचा, ५.१ मध्ये निषिद्ध, प्रतिबंधित आणि धोक्याची क्षेत्रं, जेन (सर्वसाधारण भाग) २.७ मध्ये सूर्योदय-सूर्यास्त. आणि प्रत्येक विमानतळाच्या भागात एडी २.१७, जिथे त्या विमानतळाभोवतालच्या एअरस्पेसची हद्द, उंची आणि वर्ग लिहिलेला असतो. पुढच्या २.१८ मध्ये फ्रिक्वेन्सी.

विमानतळ शोधताना गावाच्या नावापेक्षा कोडवर जा. संभाजीनगरचं चिकलठाणा व्हीएएयू, नांदेड व्हीएएनडी. पहिली दोन अक्षरं ‘व्हीए’ म्हणजे मुंबईचा विभाग. कलबुर्गीचा कोड ‘व्हीओ’ने सुरू होतो, कारण ते चेन्नईच्या विभागात मोडतं. भारताचं आभाळ मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या फ्लाइट इन्फर्मेशन रीजनमध्ये वाटलेलं आहे. लातूरहून दक्षिणेकडे फार लांब न जाताच तुम्ही एकातून दुसऱ्यात जाता. खाली कुठे पाटी दिसत नाही, पण रेडिओवर बोलणारा माणूस बदलतो.

दुसरी पायरी: जिल्ह्याचा नकाशा, पेन्सिल आणि उंची

मराठवाड्याचा भिंतीवरचा साधा नकाशा घ्या. त्यावर आधी जमिनीच्या उंची लिहा, फुटांत. नांदेड सुमारे १२५०. चिकलठाणा विमानतळ सुमारे १९००. लातूर सुमारे २०८०. आता संभाजीनगरच्या वायव्येला म्हैसमाळ बघा: १०६७ मीटर, म्हणजे ३५०० फूट, आणि त्यावर दूरदर्शनचा मनोरा. चिकलठाण्याहून उडून वेरूळकडे निघालेल्या विमानाचा अल्टिमीटर साडेतीन हजार दाखवत असेल तर म्हैसमाळचा माथा त्याच्या बरोबर समोर आहे, खाली नाही.

आता किमान उंचीचा नियम या नकाशावर ठेवा. गाव-शहराच्या दाट वस्तीवर उडताना विमानाभोवतीच्या ६०० मीटर त्रिज्येत जो सर्वांत उंच अडथळा असेल त्याच्या १००० फूट वर राहायचं. इतर ठिकाणी जमिनीपासून किमान ५०० फूट. उड्डाण आणि उतरणं यांना अर्थातच सूट. चिकलठाण्याची धावपट्टी ०९/२७, पूर्व-पश्चिम. सत्तावीसवरून उडालात की नाक थेट शहराकडे, म्हणून चढणं संपल्यावर हा हजार फुटांचा हिशेब लगेच सुरू होतो. सर्किट (धावपट्टीभोवतीचा ठरलेला चौकोनी फेरा) डावीकडचं असेल तर डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेची बाजू) धावपट्टीच्या दक्षिणेला येतं. हे सगळं जमिनीवर बसून, बोट फिरवून करून बघा. लोक हसतात, हसू द्या. मोठमोठे पायलटही हाताने सर्किट उडतात.

उन्हाळ्याचं एक टिपण इथेच. मे महिन्यात ४२ अंशाला चिकलठाण्याची धावपट्टी विमानाच्या इंजिनाला साडेपाच-सहा हजार फुटांवर असल्यासारखी वागते. दोन माणसं घेतलेलं छोटं ट्रेनर विमान तेव्हा रखडत चढतं. टॉवरने ‘अमुक ठिकाणापर्यंत साडेचार हजारावर जा’ म्हटलं आणि जमणार नसेल तर ‘अनेबल’ म्हणा. तो शब्द वापरायची परवानगी विद्यार्थ्यालाही आहे.

तिसरी पायरी: वर्ग, पण फक्त कामाचे

आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत ए ते जी असे सात वर्ग आहेत. परीक्षेला सातही येतात. मात्र ट्रेनर विमानाच्या रोजच्या आयुष्यात तुमची गाठ पडते ती मुख्यतः डी आणि जीशी, अधूनमधून ई-एफशी. म्हणून डी आणि जी नीट समजून घ्या, बाकीचे त्यांच्याशी तुलना करून आपोआप लक्षात राहतात.

वर्ग डी म्हणजे विमानतळाभोवतालचा नियंत्रित भाग. आत शिरण्याआधी दोन गोष्टी हव्यात: दुतर्फा रेडिओ संपर्क आणि क्लिअरन्स. टॉवरने तुमचा कॉलसाइन घेऊन ‘स्टँडबाय’ म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. हद्दीबाहेरच गोल फिरत थांबायचं. आत गेल्यावर आयएफआर (उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या) विमानांना एकमेकांपासून अंतर राखून दिलं जातं. व्हीएफआरवर असलेल्या तुम्हाला मात्र फक्त माहिती मिळते: ‘एअरबस, दहा मैल फायनल’, म्हणजे उतरण्याच्या सरळ रेषेत दहा मैलांवर. त्या एअरबसपासून लांब राहण्याची जबाबदारी तुमच्या डोळ्यांची. हा मुद्दा वर्गात सगळ्यात जास्त चुकतो. नियंत्रित म्हटलं की कंट्रोलर सगळ्यांना सांभाळतो अशी समजूत असते. डीमध्ये व्हीएफआरला ती सेवा नाही. सीमध्ये कंट्रोलर व्हीएफआरला आयएफआरपासून वेगळं ठेवतो, आणि ए तर व्हीएफआरला बंदच. तीन वाक्यांत अर्धा तक्ता झाला.

वर्ग जी म्हणजे अनियंत्रित. क्लिअरन्स लागत नाही, मागितल्यास उड्डाणाची माहिती मिळते. पण भारतात ‘अनियंत्रित’ म्हणजे ‘बिनपरवाना’ असं कुणी समजू नये. आपल्याकडे वर्ग कुठलाही असला तरी एका विमानतळावरून दुसऱ्याकडे निघताना फ्लाइट प्लॅन लागतो, आणि फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा एफआयसी नंबर आणि हवाई संरक्षणाचा एडीसी नंबर घ्यावा लागतो. परदेशातल्या यूट्यूब व्हिडिओंमध्ये लोक रविवारी सकाळी विमान काढून शेजारच्या गावी नाश्त्याला जातात. ते बघून इथला अंदाज बांधू नका.

चौथी पायरी: किती दिसतंय?

व्हीएफआर उड्डाणाला दोन अंतरं लागतात: समोर किती दिसतं आणि ढगापासून किती लांब आहोत. १०,००० फुटांखाली दृश्यमानता ५ किलोमीटर, १०,००० आणि वर ८ किलोमीटर. ढगापासून बाजूला १५०० मीटर, वर-खाली १००० फूट. फक्त एफ आणि जी वर्गात, ठरावीक उंचीखाली, सवलत आहे: ५ किलोमीटर दिसावं, ढगाबाहेर असावं आणि जमीन नजरेत असावी, एवढं पुरतं.

ही ठरावीक उंची कोणती? समुद्रसपाटीपासून ३००० फूट किंवा जमिनीपासून १००० फूट, यांपैकी जी जास्त असेल ती. किनारपट्टीवर शिकणाऱ्याला ‘जी जास्त’ हे शब्द शोभेचे वाटतात. आपल्याला ते रोज लागतात. नांदेडला १२५० अधिक १००० म्हणजे २२५०, म्हणून तिथे ३०००च धरायचे. लातूरला २०८० अधिक १००० म्हणजे ३०८०, म्हणून जमिनीचं माप लागू. म्हैसमाळवर ४५००. पेन्सिलने नकाशावर प्रत्येक ठिकाणाशेजारी हा आकडा लिहून ठेवा. परीक्षेत असा प्रश्न आला तर दोन ओळींत सुटतो.

कंट्रोल झोनमधल्या विमानतळावर उतरायला-उडायला आणखी एक अट आहे: सीलिंग १५०० फूट आणि जमिनीवरची दृश्यमानता ५ किलोमीटर यांपेक्षा कमी असेल तर व्हीएफआर नाही. सीलिंग म्हणजे अर्ध्याहून जास्त आभाळ झाकणारा सर्वांत खालचा थर. मेटारमध्ये (विमानतळाच्या हवामान अहवालात) ‘एससीटी०१५’ (१५०० फुटांवर विखुरलेले ढग) दिसलं तर ते सीलिंग नव्हे, ‘बीकेएन०१५’ (अर्ध्याहून जास्त आभाळ झाकलेलं) असेल तर आहे. पण गंमत बघा. सीलिंग १५०० असलं तरी वर्ग डीमध्ये ढगाखाली १००० फूट राहायचं म्हटलं तर हजार फुटांचं सर्किट बसतच नाही. त्यासाठी ढग दोन हजारांवर हवेत. जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थी ब्रीफिंग रूममध्ये दिवस-दिवस बसून असतात, त्याचं गणित हे असं. हवा थोडी खराब असताना टॉवर स्पेशल व्हीएफआर देऊ शकतो. मात्र सोलोवर (एकट्याने उडत) असलेल्या विद्यार्थ्याने तो मागू नये, असं माझं ठाम मत आहे, कायदा काही म्हणो.

मराठवाड्यात पावसाळ्यापेक्षा फसवा काळ म्हणजे मार्च ते मे. आभाळ निरभ्र, ढगाचा पत्ता नाही, आणि मेटारमध्ये ‘एचझेड’ (धूसर हवा) लावून दृश्यमानता चार हजार मीटर. धुळीत सरळ खाली बघितलं तर रस्ते स्वच्छ दिसतात, समोर मात्र क्षितिज नाहीसं झालेलं असतं. वरून खालचं दिसतं म्हणून ‘दिसतंय की’ असं मन सांगतं. नियम समोरचं मोजतो. दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहायला लागले की गारपिटीचीही शक्यता, म्हणून बहुतेक स्कूल सकाळीच उडतात.

रात्रीचं आणि उंचीचं बंधन एका दमात: सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत व्हीएफआर बंद, एटीसीने स्थानिक किंवा प्रशिक्षणाच्या उड्डाणाला दिलेली सूट सोडून. आणि फ्लाइट लेव्हल १५०च्या (सुमारे १५,००० फुटांच्या) वर व्हीएफआर नाही.

पाचवी पायरी: अल्टिमीटरची खिडकी

अल्टिमीटरवरच्या छोट्या खिडकीत दाब लावायचा असतो. क्यूएनएच लावला की समुद्रापासूनची उंची दिसते, क्यूएफई (धावपट्टीवरचा दाब) लावला की धावपट्टीपासूनची, आणि १०१३ (प्रमाण दाब) लावला की फ्लाइट लेव्हल. चिकलठाण्यावर क्यूएनएच १०१० असताना क्यूएफई ९४५च्या आसपास येईल, कारण एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट धरले तर १९०० फुटांचे ६३-६४ हेक्टोपास्कल होतात. हा तोंडी हिशेब रोज एकदा करा.

खरा धोका कुठे आहे तो समजून घ्या. क्यूएनएच १००८ आहे आणि खिडकीत १०१३ तसाच राहिलाय. अल्टिमीटर तुम्हाला खऱ्यापेक्षा दीडशे फूट उंच दाखवेल, म्हणजे तुम्ही समजता त्यापेक्षा खाली आहात. उन्हाळ्यात आपल्याकडे दाब उतरतो, त्यामुळे चूक नेमकी या धोक्याच्या बाजूची होते. ट्रान्झिशन अल्टिट्यूड कुठे आहे ते त्या-त्या विमानतळाच्या चार्टवर छापलेलं असतं. चढताना तिथे १०१३ करायचं, उतरताना ट्रान्झिशन लेव्हलला परत क्यूएनएच.

सहावी पायरी: जिथे जायचं नाही

चार्टवरच्या लाल-निळ्या आकृत्यांना तीन अक्षरं असतात. पी म्हणजे निषिद्ध, आर म्हणजे अटींवर, डी म्हणजे ठरावीक वेळी धोका. या डीचा वर्ग डीशी काही संबंध नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यांचा गोंधळ होतो. प्रत्येक आकृतीला खालची उंची, वरची उंची आणि वेळ असते. ते तिन्ही वाचल्याशिवाय आकृती वाचली असं म्हणू नये.

आपल्या मुलखाला दोन लष्करी शेजारी आहेत. पश्चिमेला अहिल्यानगरजवळ लष्कराचं के. के. रेंज, जिथे प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव चालतो. आग्नेयेला बिदर, हवाई दलाच्या प्रशिक्षणाचं ठाणं, जिथून हॉक जेट उडतात. उदगीर ते बिदर सरळ रेषेत पासष्ट किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ट्रेनर विमानाला पंचवीस मिनिटं आणि जेटला चार-पाच. पुण्याला लोहगावचं नियंत्रणही हवाई दलाकडेच आहे. अशा क्षेत्राजवळून मार्ग आखताना रेषेला चिकटून जाऊ नका, काही मैल मोकळे सोडा. वाऱ्याने दहा अंश सरकलात तर तीस मैलांवर पाच मैल बाजूला पडता.

कायमच्या आकृत्यांशिवाय तात्पुरत्या बंद्या असतात आणि त्या नोटॅममधून (पायलटांसाठीच्या सूचनांतून) कळतात. एखाद्या बड्या नेत्याची सभा, गोळीबाराच्या वाढीव वेळा, धावपट्टीची दुरुस्ती. नोटॅममधली वेळ दहा आकड्यांत असते: वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिट, आणि ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). सरावासाठी ‘२५१२०१०३३०’ हा आकडा घ्या. १ डिसेंबर २०२५, साडेतीन यूटीसी, त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळेने सकाळचे नऊ. डिसेंबरच्या सुरुवातीला संभाजीनगरला सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो, म्हणजे सव्वाबारा यूटीसी. मनगटावरचं घड्याळ यूटीसीवर लावून फिरणारे विद्यार्थी मी बघितलेत. हॉस्टेलमध्ये त्यांची थट्टा होते, पण नोटॅम ते बरोबर वाचतात.

अजून लायसन्स नसलेल्यांनी सरकारचा ड्रोनचा नकाशा उघडून बघावा. हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत तो आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फूट होते. पायलटला हा नकाशा पुरत नाही. तरी चिकलठाण्याभोवती रंग कसे पसरलेत ते बघितलं की एअरस्पेसला आकार असतो हे डोळ्याला पटतं. आणि लग्नसराईत शूटिंगची ड्रोन किती उडतात हे तुम्हाला माहीतच आहे. पाचशे फुटांचा नियम काठावर पाळू नका.

सातवी पायरी: बोलणं

नियम समजले आणि बोलता आलं नाही तर उपयोग नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. खरं तर रेडिओवरचं इंग्रजी शे-दोनशे ठरलेल्या वाक्यांचं आहे, गप्पांचं नाही. कीर्तनात झांज कुठे पडणार हे जसं ऐकून-ऐकून अंगात भिनतं, तसंच हेही.

कॉलचा क्रम: कुणाला, कोण, कुठे, किती उंचीवर, काय हवंय. ‘टॉवर, व्हिक्टर टँगो अमुक-अमुक-अमुक, टेन माइल्स साउथ, फोर थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट, रिक्वेस्ट जॉइनिंग इन्स्ट्रक्शन्स.’ उत्तर आल्यावर काय परत म्हणून दाखवायचं तेही ठरलेलं आहे: क्लिअरन्स, चालू धावपट्टी, धावपट्टीबाहेर थांबा किंवा ओलांडा अशी सूचना, अल्टिमीटर सेटिंग, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) कोड, उंची, दिशा आणि वेग. ‘रॉजर’ म्हणजे रीडबॅक नव्हे. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायला लाजू नका. अंदाजाने केलेला रीडबॅक बरोबर निघाला तरी सवय वाईट लागते.

टॉवर नसलेल्या धावपट्टीवर उत्तर द्यायला कुणी नसतं, पण बोलायचं तितकंच: येतोय, डाउनविंडवर आहे, फायनलवर आहे, धावपट्टी सोडली. हवेत दुसरा कुणी असेल तर त्याच्यासाठी. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. तिरकस आलात तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे त्याने वाट द्यायची. पुढच्याला मागे टाकताना त्याच्या उजवीकडून जायचं. उतरायला आलेल्या दोघांत खालच्याचा हक्क आधी, पण म्हणून कुणाच्या पुढ्यात घुसायला खाली जायचं नाही.

आठवी पायरी: कागदावरचं क्रॉस-कंट्री

आता सगळं एकत्र. चिकलठाणा ते नांदेड, नांदेड ते लातूर, लातूर ते चिकलठाणा असा त्रिकोण चार्टवर काढा. पहिली बाजू सुमारे ११६ नॉटिकल मैल, दिशा ११० अंशांच्या आसपास. दुसरी ६७ मैल, दिशा २२७. तिसरी १०६ मैल, दिशा ३२५. बेरीज २९०च्या आत-बाहेर. कमर्शियल लायसन्सला ३०० मैलांचं क्रॉस-कंट्री लागतं, त्यात निघालेलं सोडून दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरायचं असतं. म्हणजे हा त्रिकोण थोडक्यात हुकतो. कुठेतरी एक वळसा घालावा लागेल, तो कुठे घालायचा हा चांगला गृहपाठ आहे.

उंची निवडा. ००० ते १७९ अंशांच्या चुंबकीय ट्रॅकवर व्हीएफआरला विषम हजार अधिक पाचशे, १८० ते ३५९ला सम हजार अधिक पाचशे. नांदेडकडे जाताना ५५००, पुढच्या दोन्ही बाजूंना ४५०० किंवा ६५००. लातूरहून परतताना बालाघाटच्या रांगा आणि उन्हातले धक्के बघता मी साडेसहा हजार घेईन.

खुणा निवडताना पाणी, रेल्वे आणि मोठा रस्ता या क्रमाने विश्वास ठेवा. नांदेडच्या वाटेवर जालना-परभणी-पूर्णा हा रेल्वेमार्ग आणि उजवीकडे गोदावरी, शेवटी विष्णुपुरीचं धरण. समृद्धी महामार्ग वरून ठळक दिसतो, पण तो जालन्यानंतर ईशान्येकडे विदर्भात निघून जातो. त्याच्या मागे लागलात तर लोणारचं विवर दिसेल, नांदेड नाही. पैठणचा नाथसागर लांबून ओळखू येतो. तरी त्यावर खाली उतरू नका, ते पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथे थवेच्या थवे असतात. मे महिन्यात धरणांचा आकार चार्टवरच्या निळ्या आकाराशी जुळत नाही, पाणी आटलेलं असतं. भिंत शोधा, पाणी नको.

प्रत्येक टप्प्याशेजारी चार रकाने करा: कुठला वर्ग, कुणाची फ्रिक्वेन्सी, जमिनीची उंची, बंदी आहे का. निघायच्या किमान तासभर आधी फ्लाइट प्लॅन द्यायचा, एफआयसी आणि एडीसी नंबर लिहून घ्यायचे, मग पुन्हा एकदा नोटॅम आणि मेटार.

रेडिओ बंद पडला तर ट्रान्सपॉन्डरवर ७६००. आणीबाणीला ७७००, अपहरणाला ७५००. टॉवरकडे बघा, दिवा दाखवतील: हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे वाट द्या आणि फिरत राहा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. दिवसा पंख हलवून समजल्याची खूण करायची.

नांदेडला उतरलात, इंजिन बंद केलं, पाय मोकळे केले. पोहोचल्याची खबर दिली का? टॉवर असेल तर त्यांच्याकडे नोंद होते. नसेल तर फोन तुम्हालाच करायचा असतो. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास तुमचा पत्ता लागला नाही की तुमचं विमान ‘अनिश्चित’ धरून चौकशी सुरू होते, आणि घरच्यांना तुमच्याआधी स्कूलचा फोन जातो.